पाच वर्षांत न मावणारं पाणी

सांगोला तालुक्यात पाणी चार बाजूंनी येतं, आणि चारही बाजूंनी ते सगळ्यांत शेवटी येतं. नीरा उजव्या कालव्याचं पाणी फलटण, माळशिरस, पंढरपूर करत करत सांगोल्याच्या फाट्यांना लागतं. टेंभू उपसा योजनेचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलतात. कडेगाव, खानापूर, आटपाडी ओलांडून ते माणदेशाच्या या टोकाला पोचतं. म्हैसाळचं पाणी मिरज, कवठेमहांकाळ, जतच्या वाटेनं. आणि प्यायचं पाणी भीमेवरून, पंढरपुराकडून. पाटबंधारे खात्यात अशा जागेला ‘टेल’ म्हणतात, शेतकऱ्याच्या तोंडीही आता तोच शब्द आहे. टेलला शेत असलं की पाण्याची पाळी कागदावर असते आणि चारी, म्हणजे शेतापर्यंत येणारा छोटा पाट, कोरडी असते. वरच्या कुणी दार पुरतं खाली केलेलं नसतं, कुणी रात्री चारीत पाइप टाकून पाणी ओढलेलं असतं, कुठे फुटलेल्या अस्तरातून पाणी नाल्याला गेलेलं असतं. वरच्या दहा जणांनी एकेक तास जास्त घेतला तर खालच्याचे दहा तास गेले. त्यात मोठा चोर कुणीच नसतो, म्हणून तक्रार तरी कुणाच्या नावानं करायची हा प्रश्न उरतो.

या टेलच्या तालुक्यानं भाई गणपतराव देशमुख यांना अकरा वेळा विधानसभेवर पाठवलं. शेतकरी घरातला हा माणूस वकील झाला, शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा त्यानं धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. तालुका त्यांना आबासाहेब म्हणत असे. त्यांच्या कारकिर्दीकडे मी टेलच्या बाजूनं पाहतो, कारण त्यांच्या इतक्या वर्षांचं उत्तर मला तिथेच सापडतं.

१९६२ ची निवडणूक नजरेसमोर आणा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झालेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची लाट ओसरलेली, यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. शेकापच्या वाट्याला आल्या १५. त्या पंधरांत सांगोला होतं. सभागृहात कृष्णराव धुळुप विरोधी पक्षनेते होते. तिथे पस्तिशीचा एक वकील दाखल झाला. १९६७ ला ते पुन्हा आले, १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला १९२ मतांनी हरले. १९९९ पासून पुन्हा सलग चार वेळा. २०१४ ची निवडणूक जिंकली तेव्हा त्यांनी वयाची ८८ वर्षं पुरी केली होती. मधला पराभवाचा काळ वजा केला तरी ५१ वर्षांच्या आसपास आमदारकी भरते. मंत्रिपद दोनदा, १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारात, आणि दोन्ही वेळा थोड्या काळापुरतं. बाकी सगळी वर्षं बहुतेक विरोधी बाकावर.

त्यांच्या साधेपणाच्या आठवणी खूप सांगितल्या जातात. एसटीनं प्रवास, साधी राहणी, हातात पिशवी. त्या खऱ्याच आहेत आणि त्यांचं मोल आहे. पण साधा माणूस गावोगाव भेटतो. विरोधी बाकावर बसून, पंधरा आमदारांच्या पक्षात आणि पुढे तीन आमदारांच्या पक्षात राहून, एखादं काम वीस-वीस वर्षं मरू न देणं हे मात्र क्वचित कुणाला जमतं. ते कसं करतात, हे सांगितलं जात नाही. ते सांगावंसं वाटतं.

आमदाराच्या हातात पैसा नसतो, आदेश नसतो. हातात असतो कागद. त्यातला सगळ्यांत छोटा आणि सगळ्यांत धारदार कागद म्हणजे तारांकित प्रश्न. तो ठरावीक साच्यात लिहितात. सन्माननीय जलसंपदामंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग उपप्रश्न. पहिला : अमुक कालव्याच्या अमुक ते अमुक किलोमीटरमधील काम अमुक महिन्यापासून बंद आहे, हे खरे आहे काय? दुसरा : असल्यास, त्याची कारणे काय आहेत? तिसरा : त्यामुळे अमुक गावांचे अमुक हेक्टर क्षेत्र सिंचनापासून वंचित राहिले, हे खरे आहे काय? चौथा : असल्यास, काम सुरू करण्याबाबत कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे? पाचवा : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? नवखा आमदार पहिल्याच उपप्रश्नात घसरतो. तो लिहितो, ‘तालुक्यातील कालव्याची कामे रखडली आहेत, हे खरे आहे काय?’ उत्तर येतं, ‘हे खरे नाही.’ कारण तालुक्यात कुठे ना कुठे एका ठिकाणी यंत्र चालू असतंच. पहिलं उत्तर नकारार्थी आलं की खालच्या सगळ्या उपप्रश्नांना एकच उत्तर मिळतं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ चार महिन्यांची मेहनत या तीन शब्दांत जाते.

मुरलेला आमदार पहिला उपप्रश्न असा बांधतो की उत्तर ‘होय’ किंवा ‘अंशतः खरे आहे’ एवढंच देता येईल. त्यासाठी किलोमीटर, गट नंबर, महिना, कार्यकारी अभियंत्याच्या पत्राचा जावक क्रमांक हाताशी लागतो. हे सगळं मुंबईत मिळत नाही. ते कालव्याच्या कडेला राहणारा शेतकरी देतो, शाखा अभियंत्याच्या कार्यालयातला लिपिक देतो, आणि ते द्यावंसं वाटायला आमदार रविवारी तालुक्यात भेटायला हवा. प्रश्न छापून आला, यादीत वरच्या क्रमांकावर लागला आणि तासाभरात पुकारला गेला, तर पूरक प्रश्न विचारता येतात. खरी लढाई पूरक प्रश्नांत. मंत्री सभागृहात उभं राहून म्हणतो, ‘हे काम मार्चअखेर पूर्ण करण्यात येईल.’ हे वाक्य आश्वासन म्हणून नोंदवलं जातं. विधिमंडळाची आश्वासन समिती अशी वाक्यं गोळा करते, खात्याकडून पूर्ततेचा अहवाल मागते. ज्या आमदारानं ते वाक्य कापून फायलीत लावलं आणि पुढच्या अधिवेशनात तारखेसकट परत काढलं, त्यालाच त्या आश्वासनाचा उपयोग. बाकीच्यांसाठी ती इतिवृत्तातली ओळ असते.

तारांकित प्रश्न लागला नाही तर लक्षवेधी सूचना, नियम १०५ ची. उत्तरानं समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा. अर्थसंकल्पात खात्याच्या मागण्या आल्या की कपात सूचना. सत्ताधारी आमदाराला या आयुधांची फारशी गरज भासत नाही, तो मंत्र्याच्या दालनात जातो. विरोधी आमदाराला दालनाचं दार उघडं असलं तरी जोर सभागृहातूनच आणावा लागतो. म्हणून शेकापच्या बाकांवर या नियमांचा अभ्यास पक्का असे. दि. बा. पाटील, उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, केशवराव धोंडगे ही माणसं नियमावली हातात घेऊन बोलत. गणपतराव त्या शाळेतले.

आता पाच वर्षांचा हिशेब मांडू. एखाद्या उपसा सिंचन योजनेला नवा फाटा हवा आहे. निवडून आल्यावर पहिलं वर्ष मागणी, ठराव, सर्वेक्षणाचा आदेश यांत जातं. दुसऱ्या वर्षी सर्वेक्षण. त्यात पाण्याची उपलब्धता आहे का, हा दाखला नाशिकच्या जलविज्ञान कार्यालयाकडून लागतो. तिसऱ्या वर्षी अंदाजपत्रक आणि तांत्रिक छाननी, चौथ्या वर्षी प्रशासकीय मान्यता. पाचव्या वर्षी अर्थसंकल्पात टोकन तरतूद पडते, निविदा निघते, नारळ फुटतो आणि आचारसंहिता लागते. पुढचा आमदार दुसऱ्या पक्षाचा आला तर फाइल खाली जाते. तोच आला तर भूसंपादन सुरू होतं. तोवर दरसूची बदललेली असते, सिमेंट-लोखंड महाग झालेलं असतं, म्हणून सुधारित प्रशासकीय मान्यता लागते. खात्यात तिला ‘सुप्रमा’ म्हणतात. सुप्रमा मिळेपर्यंत कंत्राटदार यंत्र काढून नेतो. रेल्वेखालून किंवा राज्यमार्गाखालून पाइप न्यायचा तर त्या खात्याची वेगळी परवानगी, वेगळा पैसा. अशानं दहा किलोमीटरचा फाटा सहज बारा-पंधरा वर्षं खातो. टेलच्या तालुक्यात असे फाटे डझनांनी असतात आणि ते सगळ्यांत शेवटी हाती घेतले जातात, कारण वरचं पूर्ण झाल्याशिवाय खालचं करून उपयोग नाही, हे अभियंत्याचं म्हणणं बरोबरच असतं. म्हणून टेलच्या कामाला पाच वर्षांचा आमदार पुरत नाही. सांगोल्यानं हे ओळखलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पाण्याआधी इथे हाताला काम हवं होतं. १९७२ चा दुष्काळ पडला त्या वर्षी गणपतराव पराभूत होते, सभागृहाबाहेर होते. माणसं खडी फोडत होती, पाझर तलावावर माती वाहत होती. तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली ज्या रोजगार हमीचा प्रयोग झाला होता, तिला या दुष्काळानं राज्यभर नेलं. पुढे १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून काम मागण्याचा हक्क अमलात आला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं केलेल्या कामांत मी याला फार वरचं स्थान देतो. काँग्रेसचे पागे आणि समोरच्या बाकांवरची डावी माणसं या एका गोष्टीवर एकत्र आली.

कायदा झाला तरी कामावर काय चुकायचं, ते पाहायला हवं. मजुरी मोजमापावर असे. खोदलेल्या खड्ड्यात मधे मातीचा खांब राखायचा, त्याला मटाम म्हणतात. त्याची उंची म्हणजे खोदाईची खोली. लांबी, रुंदी, खोली गुणून घनफूट काढायचे, शंभर घनफुटांचा एक ब्रास. मटाम आधीच उंचवट्यावर राखला तर खोदाई जास्त दिसते, मोजणीआधी पावसानं ढासळला तर मजुराचे दिवस बुडतात. मुरूम, मऊ माती, कठीण खडक यांचे दर वेगळे. खडकावर घाम गाळलेल्याची मोजमाप पुस्तिकेत ‘मुरूम’ म्हणून नोंद झाली की आठवड्याची मजुरी निम्म्यावर येते. हजेरीपत्रकावर अंगठा आणि प्रत्यक्ष माणूस यांचा मेळ नसणं हा आणखी एक रोग. आमदारानं कामावर जाऊन बघायचं ते हे : मटाम कुठे आहेत, हजेरीपत्रक जागेवर आहे की मुकादमाच्या घरी, प्यायच्या पाण्याचा माठ आणि लेकरांसाठी सावली आहे का. पाझर तलाव बांधताना खालची खोदाई कठीण थरापर्यंत गेली नाही तर तलाव पहिल्याच पावसात बंधाऱ्याखालून गळतो. काम झालं, मजुरी वाटली, पाणी मात्र राहिलं नाही, असं कितीतरी ठिकाणी झालं.

रोजगार हमीतूनच १९९० च्या सुमारास फळबाग लागवडीची योजना आली आणि माणदेशाचं रूप बदललं. ज्वारी-बाजरीच्या मुरमाड रानात बोर आणि डाळिंब उभं राहिलं. अनुदान तीन वर्षांत हप्त्यानं, झाडं जगली तर. हे कलम शहाणपणाचं होतं. नुसते खड्डे मोजून पैसे वाटले असते तर खड्डेच राहिले असते.

डाळिंबाला सांगोल्याची जमीन जणू मापून दिलेली. पाणी साचत नाही, हवा कोरडी, ऊन भरपूर. पंधरा बाय दहा फुटांवर एकरी २९० झाडं. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात शेणखत आणि पोयटा. बहार धरण्याचं तंत्र दुष्काळी माणसाला पटकन कळलं, कारण त्यात झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवायचं असतं. पाणी तोडून महिना-दीड महिना ताण द्यायचा, पानगळ करायची, हलकी छाटणी करायची, खत देऊन पहिलं पाणी सोडायचं. झाड एकदम फुलतं. फुलापासून साडेपाच-सहा महिन्यांत भगवा वाणाचं फळ तयार. हस्त बहार धरला तर पावसाळा टळतो आणि फळ निरोगी येतं. पण मग जानेवारी ते एप्रिल पाणी लागतं, आणि तेव्हाच टेलची चारी कोरडी असते. म्हणून ज्याच्याकडे उन्हाळ्याचं पाणी नाही तो मृग बहार धरतो आणि पावसाळी दमटपणात तेल्याला बळी पडतो. तेल्या हा जिवाणूचा रोग. पानावर तेलकट डाग, मग फळावर काळा चट्टा, चट्ट्यातून तडा. २००० नंतरच्या दशकात त्यानं महाराष्ट्रातल्या बागा झोडपल्या. मागोमाग मर रोग आणि खोडाला सुईएवढी भोकं पाडणारा किडा आला. डोळ्यांदेखत दहा वर्षांच्या बागा जेसीबीनं काढाव्या लागल्या. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापूरला आलं, ते याच पट्ट्याची गरज म्हणून. सांगायचं इतकंच, की पाण्याचं आवर्तन, म्हणजे कालव्याची पाळी, तीन आठवडे चुकलं तर त्याचा परिणाम फळावरच्या काळ्या डागापर्यंत जातो, आणि हे ज्याला समजतं त्यालाच आवर्तनाच्या तारखेसाठी कालवा सल्लागार समितीत भांडता येतं.

कृष्णेच्या पाण्याची गोष्ट तर एका माणसाच्या कारकिर्दीएवढी लांब. कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आणि त्या वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होणार होता. तोवर पाणी अडवलं नाही तर हक्क पातळ होईल, ही भीती १९९० नंतर सगळ्यांना लागली. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानं आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं तिथे जमायची. नागनाथअण्णा, भारत पाटणकर यांच्या बरोबर गणपतराव त्या व्यासपीठावर असत. मागणी फक्त पाण्याची नव्हती. जमीन किती आहे ते न बघता घरटी समान पाणी, अशी होती. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या राजकारणाला हा विचार पचायला जड होता. आजही तो पुरता पचलेला नाही, आणि तो सोडून देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

१९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, टेंभू योजनेला मान्यता मिळाली. २२ टीएमसी पाणी, पाच टप्पे, ८०,४७२ हेक्टर. त्यातलं २०,००० हेक्टर एकट्या सांगोल्याचं. तेव्हा महामंडळानं कर्जरोखे काढून पैसा उभा केला, एकाच वेळी सगळीकडे कामं सुरू केली, आणि पैसा संपल्यावर सगळीकडची कामं एकाच वेळी अर्धवट राहिली. पंपगृह तयार पण पाइप नाही, पाइप आहे पण कालव्याला मधे दोनशे मीटरचा तुकडा नाही. अशा तुकड्यांची यादी करून ती दर अधिवेशनात वाचणं, याला बातमीत जागा मिळत नाही. सांगोल्याच्या हद्दीत टेंभूचं पाणी दिसायला मान्यतेनंतर दीड-दोन दशकं गेली.

पाणी उचललं तरी बिल उरतं. याचं गणित सोपं आहे आणि प्रत्येक लाभधारकानं ते पाठ करावं. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एक घनमीटर पाणी शंभर मीटर वर चढवायला, पंपाची घट धरून, साधारण ०.३६ युनिट वीज लागते. म्हणजे एक टीएमसी शंभर मीटर चढवायला एक कोटी युनिट. टेंभूच्या प्रमाणात एका टीएमसीवर साडेतीन हजार हेक्टरांहून थोडं जास्त भिजतं, म्हणजे हेक्टरी पावणेतीन हजार युनिट, आणि तेही फक्त पहिल्या शंभर मीटरला. टेल जितका उंच आणि लांब, तितकं त्याचं पाणी महाग. धरणाखालच्या शेतकऱ्याला मात्र तेच पाणी उतारानं, विजेविना वाहत येतं. थकबाकी झाली की वीज तुटते, पंप थांबतात, वरच्यांची उसाची बिलं कापून वसुली होते आणि डाळिंबवाल्या टेलकडून वसूल कसं करायचं हे खात्याला सुचत नाही. पुढे शासनानं वीजबिलाचा ८१ टक्के भार उचलायचा आणि शेतकऱ्यांनी १९ टक्के, असं सूत्र आलं. हे सूत्र म्हणजे उपकार नव्हेत. डोंगराच्या चुकीच्या बाजूला जन्मलेल्या माणसाचा तो रास्त हिस्सा आहे.

प्यायच्या पाण्यासाठी शिरभावीची प्रादेशिक योजना झाली, ऐंशीच्या आसपास गावांची. एवढ्या मोठ्या योजना राज्यात पुष्कळ ठिकाणी बंद पडतात. मुख्य जलवाहिनीवरचा एअर व्हॉल्व्ह कुणीतरी जनावरांच्या पाण्यासाठी ढिला करतो, दाब पडतो, शेवटच्या टाकीत पाणी चढत नाही. मग शेवटची गावं पट्टी भरायचं थांबवतात, पट्टी थांबली की वीजबिल थकतं. इथेही टेल. हे चक्र तोडायचं तर शेवटच्या गावाला आधी पाणी पोचवावं लागतं, आणि हा निर्णय अभियंता एकटा घेऊ शकत नाही. पहिल्या गावाच्या सरपंचाला समजावणारा माणूस लागतो.

सूतगिरणीचं आश्चर्य अजून वाटतं. सांगोला कापसाचा तालुका नव्हे. तरी शेतकरी सहकारी सूतगिरणी इथे उभी राहिली आणि चालली. कारण पावसावर न अवलंबणारी नोकरी हवी होती, आणि साखर कारखान्याला लागणारं पाणी नव्हतं. बाहेरून १७० किलोच्या गाठी आणायच्या, ब्लोरूममध्ये फोडायच्या, कार्डिंग, ड्रॉफ्रेम, सिम्प्लेक्स, रिंगफ्रेम, शेवटी कोन. खर्चाचा साठ टक्क्यांच्या आसपास वाटा नुसता कापसाचा. चांगली गाठ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मिळते, तेव्हा खेळतं भांडवल हातात नसलं तर पावसाळ्यात महाग आणि हलका कापूस घ्यावा लागतो. इथली हवा कोरडी. रिंगफ्रेम खात्यात आर्द्रता ५५-६० टक्क्यांखाली गेली की सूत तुटतं. वीज अर्धा मिनिट गेली तरी हजारो चात्यांवरचे धागे एकदम तुटतात आणि ते जोडायला पुढचा तास जातो. सहकारी सूतगिरण्या बुडाल्या त्या यंत्रामुळे क्वचितच. कापूस खरेदीत दलाल शिरला, गरजेहून जास्त माणसं भरली, संचालकांच्या गाड्या गिरणीच्या खर्चात गेल्या. खरेदीच्या टेबलावर स्वच्छ माणूस बसला तर दर किलोमागे जे दोन पैसे वाचतात, त्यावर गिरणी जगते. साधेपणाचा इथे थेट ताळेबंदात हिशेब लागतो.

तरीही १९९५ ला तालुक्यानं त्यांना १९२ मतांनी नाकारलं. एवढी मतं म्हणजे एका वस्तीची. त्याचा राग तालुक्यावर धरण्यात अर्थ नाही. काम वीस वर्षं चालतं आणि मत एका दिवसाचं असतं. त्या दिवशी ज्याच्या चारीत पाणी नव्हतं त्यानं वेगळं बटण नव्हे, तेव्हाच्या रीतीनं वेगळा शिक्का मारला. पडलेला आमदार पुढची साडेचार वर्षं काय करतो, यात त्याची परीक्षा. सभागृह बंद, प्रश्न बंद, आश्वासन समिती बंद. त्याच काळात महामंडळ झालं, टेंभूला मान्यता मिळाली. पाणी परिषद मात्र आमदारकीवर अवलंबून नव्हती. १९९९ ला ते परत आले.

२०१९ ला वयाच्या ९३ व्या वर्षी ते उभे राहिले नाहीत. नातवानं लढवली, आठशेहून कमी मतांनी जागा गेली. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गणपतरावांचं निधन झालं. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून निवडून आले. त्या विधानसभेत शेकापचा एवढाच एक आमदार.

कालव्याला पाणी सुटलं की टेलच्या गावात आजही तेच होतं. वरून फोन येतो, पाणी अमुक फाट्याला आलं. माणसं जेवणं उरकून बॅटरी घेऊन चारीच्या कडेनं वर चालू लागतात. दर दाराशी थांबून बघतात, खाली करायचं असेल तर करतात, फुटीत दगड-माती भरतात, आणि मग पाण्याच्या पुढे पुढे परत खाली येतात. पाणी माणसाच्या चालीहून हळू येतं. कोरड्या चारीत आधी पाचोळा आणि फेस सरकत येतो, त्याच्यामागे पाणी.